बारशाची वाटी

यंदाच्या पर्वाच्या बाराव्या भागात वाटी दिसली नाही. कांचनने आधी स्वतःच्या चष्म्याला दोष दिला. चाळिशी उलटली की नंबर वाढायचाच. पण पडद्यावरच्या त्या कपाटात, जिथे तिने परवा स्वतःच्या हाताने वाटी ठेवली होती, नेमक्या त्या जागी एक निळा कप ऐटीत बसला होता. आणि तो कप कुणाच्या घरचा हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

वाटीचं आधी सांगायला हवं. कांचन सरनोबत कोल्हापूरजवळच्या एका स्टुडिओत ‘अमावास्या बॅच’ या मालिकेची प्रॉपर्टी बघायची. प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. सेटवर नट सोडून जे जे दिसतं ते सगळं. मालिका कॉलेजातल्या पोरांची आणि भुतांची. १९९८ साली सहलीच्या बसला अपघात होऊन गेलेली अकरावीची एक तुकडी दर अमावास्येला जुन्या वसतिगृहात परत येते, हजेरी देते, आणि आजच्या मुलामुलींच्या प्रेमात पडते. भुतं कशीही दाखवा, चालतं. ती कुणी पाहिलेली नसतात. १९९८ साल पाहिलेली माणसं मात्र अजून ठणठणीत आहेत आणि चूक दिसली की रात्रीचं जेवण सोडून तक्रार लिहायला बसतात. म्हणून पेन्सिल घालून फिरवलेली कॅसेट, मासिकातून फाडून चिकटवलेली नटी, च्युइंगगमबरोबर मिळायचे ते क्रिकेटवाल्यांचे फोटो, एसटीडी बूथचा पिवळा बोर्ड, प्रॅक्टिकलच्या जर्नलला घातलेलं खाकी कव्हर, असलं सगळं जमवता जमवता कांचनच्या नाकी नऊ यायचे. काही प्रेक्षक तर मालिका तेवढ्यासाठीच बघायचे. त्यांनी ‘अमावास्या कोश’ काढला होता आणि कुठल्या भागात कुठलं पोस्टर, कुठल्या टेबलावर कुठली कॅसेट याची बारीक नोंद ठेवली होती.

त्या काटेकोर १९९८ मध्ये कांचन दर भागात एक चूक जाणूनबुजून करायची. एक स्टीलची वाटी ती पर्समधून न्यायची आणि सेटवर कुठेतरी ठेवून द्यायची. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही, तसं तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: ‘चि. शाल्मली हिच्या बारशाप्रीत्यर्थ, आत्याकडून, २०२०.’ ते साल कॅमेऱ्याला दिसलं असतं तर कांचनची नोकरी धोक्यात आली असती. म्हणून अक्षरं नेहमी भिंतीकडे.

दर शुक्रवारी साडेसातला मायलेकी टीव्हीसमोर बसायच्या. शाल्मलीने वाटी शोधायची. कांचन तेव्हा पडद्याकडे बघायचीच नाही. ती लेकीच्या तोंडाकडे बघायची. भुवया वर जायच्या, मान पुढे यायची आणि मग आरोळी, “सापडली! जिन्याखाली, बादलीमागं!” लेक दहा वर्षांची असताना, घरातून नवरा, रणजित, निघून गेला त्या वर्षी, हा खेळ सुरू झाला होता. आता ती सोळाची होती आणि खेळ मोडला नव्हता.

बाराव्या भागाला कांचन लेकीच्या तोंडाकडे बघायचं विसरून पडद्याकडेच बघत बसली, आणि आरोळी आली नाही.

“काय गं, सापडली नाही?” कांचनने विचारलं.

“नाही दिसली,” शाल्मली म्हणाली, आणि निळ्या कपाकडे बघत राहिली.

हे सगळं त्या नव्या यंत्राने केलं होतं. ‘नजरभर’ त्याचं नाव. तीन महिन्यांपूर्वी वाहिनीने ते आणलं, तेव्हा जमीर मुजावर नावाच्या इंजिनीअरने सेटवरच्या सगळ्यांना चहाच्या सुट्टीत ते समजावून दिलं होतं. “डोळा काय पडद्यावर सरळ फिरत नाही, ताई. उड्या मारतोय. सेकंदाला तीन-चार. काही मिळालं की थांबतोय. आणि मनातलं मिळालं की डोळ्यातली बाहुली फुगती. केसाएवढी फुगती, पण फुगती. टीव्हीच्या कपाळावर जो कॅमेरा आहे, तो ती मोजतोय. मोबाइलवर बघितलं तर मोबाइलचा.”

नट, गोष्ट, संवाद सगळ्यांना तेच दिसायचे. मागच्या वस्तू मात्र ज्याच्या त्याला. ज्या वस्तूवर बघणाऱ्याची नजर आपणहून थांबते तिला यंत्र हात लावत नसे. जिच्यावरून नजर घसरते, तिच्या जागी ते दुसरी काहीतरी आणून ठेवी, आणि ती वस्तू यायची त्या घरातल्या मोबाइलवर पाहिल्या गेलेल्या फोटोंतून. परवानगी घेऊनच. सगळ्यांनी ‘मान्य’वर बोट दाबलेलं होतं, काय मान्य केलं ते एकानेही वाचलं नव्हतं. खोलीत चारजण असले तर ज्याची बाहुली सगळ्यांत जास्त मोठी होते त्याचं यंत्र ऐके. कुणीच बघत नसलं तर शूटिंग झालेलं मूळ चित्र तसंच्या तसं.

लोक खूश झाले. भुताच्या खोलीत स्वतःच्या आजोबांचा रेडिओ दिसला की कुणाला बरं वाटणार नाही? बोंब झाली ती ‘अमावास्या कोश’वाल्यांची. एकाने लिहावं, खिडकीत सायकलचं पोस्टर आहे. दुसऱ्याने म्हणावं, डोळे तपास, तिथे फुलांचं कॅलेंडर आहे. इचलकरंजीचे दोन जिवलग मित्र त्यावरून सहा आठवडे बोलत नव्हते. शेवटी कोश बंद पडला. दोन माणसांना एक वस्तू दिसेना, तर नोंद कशाची करणार?

कांचनला त्यांचं हसू आलं होतं. निळा कप दिसेपर्यंत.

कप मैथिलीच्या घरचा होता. मैथिली म्हणजे रणजितची दुसरी बायको, पुण्याची दातांची डॉक्टर. रविवारी ती मातीचं काम करायची, चाकावर कप घडवायची, त्यांना आभाळासारखा निळा रंग द्यायची आणि फोटो स्टेटसला टाकायची. कांचन ते फोटो बघत नसे. म्हणजे रोज एकदा बघायची, आणि बघितल्याचं तिकडे कळू नये अशी सोय तिने मोबाइलमध्ये करून ठेवली होती. शाल्मली एक आड एक शनिवारी पुण्याला जायची आणि येताना ‘मैथिलीमावशी’ने दिलेलं काहीबाही आणायची. त्या मावशी शब्दानेच कांचनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मावशी म्हणजे आईची बहीण. ही माझी कुठली बहीण, कधी जन्मली? पण ती लेकीला म्हणायची एवढंच, “नीट पोचलीस का? जेवलीस का?”

आणि यंदा घास घशाशी अडकलेला होता. शाल्मलीची दहावी झाली होती. अकरावीला पुण्यात ये, कॉलेज चांगलं आहे, आमच्याकडे राहा, असं रणजितने सांगून ठेवलं होतं. अर्जात पसंतीक्रम भरायला अजून चार आठवडे होते आणि पोरगी काही बोलत नव्हती. कांचन विचारत नव्हती. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर?

तेराव्या भागात तिने वाटी वसतिगृहाच्या खिडकीत ठेवली. पडद्यावर खिडकीत निळे कप. एक नव्हे, तीन. चौदाव्यात भुतांच्या कॅन्टीनमध्ये वेताचा झोपाळा टांगलेला होता. मैथिलीच्या हॉलमधला तोच, पिवळ्या उशीसकट. पंधराव्यात दोऱ्यांची ती विणलेली शोभेची लोंबती वस्तू, कोपऱ्यात गिटार, बाटलीत लावलेली वेल. १९९८ च्या पोरांची भुतं मैथिलीच्या दिवाणखान्यात सुवासिक मेणबत्त्यांच्या उजेडात रडत होती. दुसऱ्या कुणाला हसून हसून पुरेवाट झाली असती.

कांचनला हसू येत नव्हतं. तिला मत्सर वाटत होता. साधा, निर्लज्ज मत्सर. नवरा गेला तेव्हा तिने एवढं मनाला लावून घेतलं नव्हतं, नवरे जातात. पण तिने हाताने ठेवलेली वाटी, लेकीच्या बारशाची, आणि लेकीची नजर तिच्यावरून घसरून त्या बाईच्या कपावर थांबत होती. यंत्र काय खोटं सांगणार? त्याला ना नातं ना गोतं. सोफ्यावर शेजारी बसलेल्या पोरीचं काळीज ते पडद्यावर मांडून दाखवत होतं.

“आज पण नाही सापडली?” ती विचारायची. आवाजात आता धार आलेली असायची.

“नाही,” शाल्मली म्हणायची आणि आईकडे तिरक्या नजरेने बघायची. काहीतरी बोलायचं असल्यासारखी. मग मोबाइल घेऊन आत जायची.

अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा शाल्मली लॅपटॉप घेऊन आईसमोर बसली. टीव्हीवर पंधरावा भाग पुन्हा लागला होता. झोपाळा डुलत होता.

“आई, पहिलं काय घालू?”

“मला कशाला विचारतीस?”

“मग कुणाला विचारू? तू सांग की. राहा म्हण, नाहीतर जा म्हण.”

एक शब्द पुरला असता. राहा. तो कांचनच्या ओठांवर आलाही होता. पण तिची नजर झोपाळ्यावर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“जा,” ती म्हणाली. “जीव तिथंच लागलाय तुझा. शरीर तेवढं कशाला इथं ठेवतीस?”

“मी काय केलो गं?”

“मला शिकवू नको. रोज बघालोय मी. त्या टीव्हीनं सगळं दाखवलंय मला.”

शाल्मलीने टीव्हीकडे पाहिलं. मग आईकडे. “टीव्हीनं?” ती हळूच म्हणाली. मग, “बरं,” म्हणाली, आणि पुण्याच्या कॉलेजचं नाव पहिल्या ओळीत घालून अर्ज पाठवून दिला. एकदा पाठवलेला अर्ज बदलता येत नव्हता. मालिकेला महिनाभर सुट्टी होती; ती संपता संपता रणजित गाडी घेऊन आला. कांचनने लेकीबरोबर चटणीचे दोन डबे दिले, मेतकूट दिलं, तिखट पोह्यांचा चिवडा दिला. वाटी दिली नाही. ती दे असं शाल्मलीही म्हणाली नाही.

पुढच्या शुक्रवारी कांचन एकटी टीव्हीसमोर बसली. वाटी तिने सवयीने ठेवलीच होती, चौकीदाराच्या स्टुलावर. पडद्यावर स्टुलावर निळा कप होता. पोरगी गेली तरी तिची नजर टीव्हीत मागे राहिली, असं वाटून कांचन थोडं रडलीसुद्धा.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिचं रडणं मध्येच थांबलं. वसतिगृहाच्या खिडकीला पडदा आला होता, मोरपंखी, खाली तांबडी पट्टी. हा पडदा मैथिलीने बुधवारी घेतला होता. बुधवारी दुपारी स्टेटसला टाकला होता. आणि शाल्मलीचा मोबाइल तर ती गेली त्या दिवशीच या घरच्या टीव्हीवरून आपोआप उतरला होता.

कांचन वीस वर्षं वस्तू बघत आली होती. कुठली वस्तू कुठून आली हे तिला कळत नाही, असं होत नाही. या घरात तो पडदा पाहिलेलं माणूस एकच होतं.

शनिवारी तिने मुजावरला गाठलं. तो डबा खात होता. “माझ्या टीव्हीची नोंद बघता येती का रे?”

“तुमचीच आहे, बघा की.” त्याने हात पुसून लॅपटॉप उघडला. “बाराव्या भागापासनं ना? सोफ्याच्या डाव्या टोकाला कोण बसतं?”

“मी.”

“मग सगळं तुमचंच आहे, ताई. दुसरी एक नजर होती उजवीकडं, पण तुमच्यापुढं तिचं काही चाललं नाही. तुमची बाहुली लईच मोठी व्हायची. हा कप बघा. मोबाइलवर तुम्ही हा फोटो त्रेसष्ट वेळा उघडलाय. यंत्राला वाटलं, बाईंचा जीव आहे त्या कपावर.”

“जीव?” कांचन म्हणाली. “फोडून टाकावासा वाटतोय मला तो.”

मुजावर चपापला. मग म्हणाला, “त्याला ते कुठलं कळायला? बाहुली मायेनं फुगती, भीतीनं फुगती, जळफळाटानं पण फुगती. सगळ्याला माप एकच. त्याला एवढंच समजतंय की ही वस्तू या माणसाला सोडवत नाही.”

“आणि माझी वाटी? मी ठेवत होतो ती?”

त्याने मागचे भाग चाळले. “वाटीवर तुमची नजर कधी थांबलेलीच नाही. यंत्र बसल्यापासनं एकदा पण नाही. तुम्ही त्या वेळी पडद्याकडं बघतच नव्हता, ताई. उजवीकडं बघत होता.”

उजवीकडे शाल्मली बसायची. कांचनला हे कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधता शोधता आपल्या डोळ्यातलं मुसळ तिने चार आठवडे टीव्हीवर लावून ठेवलं होतं, आणि त्या मुसळाकडे बोट दाखवून पोरीला घराबाहेर काढलं होतं. ती तिथेच एका नकली ट्रंकेवर बसली. मुजावरने तिला पाणी दिलं.

संध्याकाळी तिने शाल्मलीला फोन लावला. बोलायला सुरुवात कशी करावी कळेना, म्हणून एका दमात सगळं सांगून टाकलं. यंत्राचं, कपाचं, त्रेसष्ट वेळांचं.

“म्हणजे ते तू बघत होतीस हे तुला माहीतच नव्हतं?” शाल्मली म्हणाली.

“तुला होतं?”

“मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तोच भाग आत जाऊन माझ्या मोबाइलवर बघितला, त्यात तसलं काही नव्हतं ना. टीव्हीवर तेवढं बाबाचं घर दिसायचं.” ती अडखळली. “मला वाटलं, तुला बाबा आठवतोय. त्याचं घर तू डोळे भरून बघतीस आणि मला विचारतीस, सापडली का. मी काय बोलणार? म्हटलं, बघू दे बिचारीला.”

“बिचारी!” कांचन ओरडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. “अगं, मग जा म्हटलो तेव्हा तरी बोलायचं होतंस.”

“तू म्हटलीस टीव्हीनं दाखवलंय. मला वाटलं, ते घर सोडवत नाही म्हणून मला तिकडं धाडालीयस. तुझ्या वाटणीचं राहायला.”

दोन माणसं एका सोफ्यावर बसून एकाच कपाकडे बघत होती आणि दोघींनी परस्परांसाठी दोन वेगळी दुःखं गृहीत धरली होती. आता वर्षभर तरी कॉलेज बदलता येणार नव्हतं.

“तुझ्या मोबाइलवर काय दिसत होतं गं?” तिने शेवटी विचारलं.

शाल्मलीने उत्तरादाखल फोटो पाठवले. भाग बारा, कपाटात, दुसऱ्या फळीवर. तेरा, खिडकीत. चौदा, कॅन्टीनमध्ये बरण्यांच्या मागे. पंधरा, भुताच्या उशाशी. सोळा, चौकीदाराच्या स्टुलावर. सतरा, घंटेखाली. दर फोटोत वाटीभोवती बोटाने काढलेलं वेडंवाकडं तांबडं वर्तुळ होतं. कपाट, कॅसेटी, कॅलेंडर, पोस्टरं, सगळं कांचनने मांडलं होतं तसं होतं. एक टाचणीसुद्धा हललेली नव्हती. आईने जे जे ठेवलं त्यावर पोरीची नजर आपणहून थांबत आली होती, आणि त्या नजरेपुढे यंत्राला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी साडेसातला दोघी फोनवर होत्या. शाल्मली पुण्यात मोबाइल उघडून, कांचन सोफ्याच्या डाव्या टोकाला.

“सापडली!” तिकडून आरोळी आली. “प्रयोगशाळेत, सांगाड्याच्या पायाशी! दिसली तुला?”

सांगाड्याच्या पायाशी निळा कप होता. दिसली, असं म्हणून टाकावं असं कांचनला वाटलं. मग ते तिला जड गेलं.

“नाही गं. मला अजून कपच दिसतोय.”

“अजून?”

“मन काय बटण आहे होय, दाबलं की बंद व्हायला? जळतोय मी अजून तिच्यावर. तू तिच्या ताटात जेवतीस रोज.”

शाल्मली म्हणाली, “बरं. मग डोळे मीट. मी सांगतो, तू ऐक. वाटी पालथी आहे. काठाला एक पोचा आहे, मी लहानपणी आपटलेला. अक्षरं या वेळी भिंतीकडं नाहीत, आई. थोडी इकडं वळलीत. तुझ्याकडनं चुकलंय.”

“चुकलं नाही,” कांचन डोळे मिटून म्हणाली.

“वाचून दाखवू? चि. शाल्मली हिच्या बारशाप्रीत्यर्थ. पुढचं दिसत नाही.”

“आत्याकडून,” कांचन म्हणाली. तिला ते बारसं आठवलं. पाळण्यातली मूठ आठवली, वाटीतला मध आठवला. खोलीत कुणीच पडद्याकडे बघत नव्हतं. टीव्हीच्या कपाळावरच्या कॅमेऱ्याला मोजायला काही नव्हतं.

तिने डोळे उघडले. सांगाड्याच्या पायाशी स्टीलची पालथी वाटी होती, ती परवा ठेवून आली होती तशी. कांचन तिच्याकडे बघत राहिली, आणि ती बघत राहिली म्हणून वाटी तिथेच राहिली. मागे मात्र मैथिलीचा झोपाळा लगेच पुन्हा येऊन डुलायला लागला होता, पिवळ्या उशीसकट. असू दे, असं तिने मनाशी म्हटलं.

“सापडली,” ती फोनमध्ये म्हणाली.